परदेशात खिसा कापला गेला तर: बडोद्याहून पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

मे महिना जवळ आला की दांडिया बाजारापासून मांजलपूरपर्यंत कितीतरी मराठी घरांत बॅगा भरायला सुरुवात होते. कोणी लेकीकडे टोरांटोला निघालेलं असतं, कोणी निवृत्तीच्या पैशातून युरोपची टूर घेतलेली असते. मी बँकेत होते, त्यामुळे फॉरेक्स कार्डाचं, म्हणजे परकी चलन आधीच भरून न्यायच्या कार्डाचं, विचारायला ही मंडळी माझ्याकडे येतात. कार्डाचं बोलून झालं की हळूच दुसरा प्रश्न येतो: "ताई, तिकडे खिसेकापू फार आहेत म्हणतात, खरं का हो?"

खरं आहे. १० एप्रिल २०१३ ला पॅरिसचं लुव्र संग्रहालय दिवसभर बंद राहिलं, कारण आत शिरणाऱ्या खिसेकापूंच्या टोळ्यांना कंटाळून तिथल्या कर्मचाऱ्यांनी काम थांबवलं होतं. २०१५ च्या मे महिन्यात आयफेल टॉवरच्या कर्मचाऱ्यांनीही तेच केलं. पण यात मारहाण, चाकूसुरी क्वचितच असते. हात येतो, वस्तू जाते, आणि तुम्हाला कळतं ते दहा मिनिटांनी.

गेलेले शंभर-दोनशे युरो माणूस विसरतो. खरा घोळ होतो तो फोन, कार्डं आणि पासपोर्ट एकाच पर्समध्ये असतात म्हणून. त्यातही फोन गेला की सगळंच अडतं: बँकेचा नंबर त्यात, ओटीपी त्यावर, हॉटेलचा पत्ता त्यात, परतीचं तिकीट त्यात, आणि नवऱ्याचा नंबरसुद्धा पाठ नसतो. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगते: फोन हातात नाही असं धरून तयारी करा. पुढचं सगळं त्याच हिशोबाने लिहिलं आहे.

निघण्याआधी: वाटणी

घरात जेवढी मोठी माणसं निघणार आहेत, तेवढ्या ठिकाणी पैसा आणि कागद वाटा. नवराबायको असाल तर दोघांकडे वेगवेगळ्या खात्यांची कार्डं हवीत. एकाच खात्याची दोन कार्डं असली तर एक ब्लॉक करताना गडबडीत खातंच गोठवलं जाण्याची शक्यता असते, आणि मग दुसरं कार्डही निकामी.

फॉरेक्स कार्ड घेताना बऱ्याच बँका जोडीला एक राखीव कार्ड देतात. पाकिटासकट दोन्ही कार्डं एकाच पर्समध्ये ठेवणारे लोक मी बँकेत माझ्या टेबलासमोर पाहिले आहेत. राखीव कार्ड हॉटेलच्या खोलीतल्या तिजोरीत किंवा जोडीदाराकडे ठेवा, आणि त्याचा पिन निघण्याआधी एकदा वापरून बघा.

नेहमीच्या डेबिट आणि क्रेडिट कार्डांवर परदेशी व्यवहार चालू-बंद करायची, मर्यादा ठरवायची सोय बँकेच्या ॲपमध्ये असते. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये हे बँकांना बंधनकारक केलं. जे कार्ड तिकडे वापरणार नाही त्याचे परदेशी व्यवहार बंदच ठेवा. जे वापरणार आहात त्याची रोजची मर्यादा खर्चाच्या अंदाजापेक्षा थोडीच वर ठेवा. हे महत्त्वाचं एवढ्यासाठी की आपल्याकडे ऑनलाइन खरेदीला ओटीपी मागतात, पण परदेशी वेबसाइटवर भारतीय कार्ड अनेकदा ओटीपीशिवायही चालून जातं. दुकानात नुसतं कार्ड टेकवूनही पैसे जातात. इंग्लंडमध्ये एका वेळी साधारण शंभर पौंडांपर्यंत, युरोपात बऱ्याच ठिकाणी पन्नास युरोपर्यंत, पिन न विचारता.

आता एक गोष्ट जरा नीट वाचा. यूपीआयचा पिन नव्याने ठेवायला डेबिट कार्डाचे शेवटचे सहा अंक, कार्डाची मुदत आणि फोनवर येणारा ओटीपी लागतो. काही बँका एटीएमचा पिनही मागतात, सगळ्या मागत नाहीत. म्हणजे फोन आणि डेबिट कार्ड एकाच वेळी एकाच माणसाच्या हाती लागलं, तर त्याच्याकडे तुमच्या खात्याच्या बऱ्याचशा किल्ल्या आल्या. फोनच्या मागच्या कव्हरमध्ये कार्ड सरकवून ठेवायची सवय आपल्याकडे सर्रास आहे. ती बडोद्यातच सोडून जा.

रोख कमी न्या. नियमाने बहुतेक देशांसाठी एका प्रवासाला ३,००० डॉलरपर्यंतच्या नोटा नेता येतात, पण नेता येतात म्हणून न्यायच्या नसतात. जोडप्याला दोन-तीनशे युरो भरपूर झाले, आणि तेही दोन ठिकाणी. सोनं अजिबात नको. मंगळसूत्राबद्दल मी कोणाला आग्रह करत नाही, पण काळ्या मण्यांची साधी पोत घालून जाणाऱ्या बायका मला जास्त निर्धास्त फिरताना दिसल्या आहेत.

पासपोर्टसाठी चोरखिसा शिवून घ्या. बाजारात मिळणाऱ्या पोटपिशव्या चांगल्या असतात, पण उन्हाळ्यात त्या टोचतात आणि मग माणूस त्या काढून पर्समध्ये टाकतो. त्यापेक्षा शिंप्याला कुर्त्याच्या किंवा पँटच्या आतल्या बाजूला, कमरेच्या जरा खाली, सुती कापडाचा खिसा लावायला सांगा. आपला पासपोर्ट साडेबारा सेंटिमीटर उंच आणि जेमतेम नऊ सेंटिमीटर रुंद असतो, तेव्हा सहा इंच खोल आणि साडेचार इंच रुंद खिसा पुरतो. तोंडाला चेन, आणि चेनचा खटका शरीराच्या बाजूला. मापाला खरा पासपोर्ट घेऊन जा, आणि शिवून आल्यावर तो कपडा घालून खुर्चीत बसून बघा. बसल्यावर कोपरा टोचला तर खिसा दोन बोटं खाली घ्यायला लावा. असे दोन-तीन कपडे करून ठेवले की पुढच्या कितीतरी प्रवासांची सोय होते.

आणि बडोद्याच्या आईवडिलांसाठी खास: तुमच्यापैकी अनेकांकडे अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा असतो. तो जुन्या, रद्द झालेल्या पासपोर्टमध्ये असेल आणि तुम्ही फक्त युरोपला निघाला असाल, तर तो जुना पासपोर्ट घरीच ठेवा. पासपोर्टबरोबर व्हिसाही गेला तर तो बदलून मिळत नाही. नव्याने अर्ज करावा लागतो.

निघण्याआधी: फोन

फोनच्या बाबतीत पाच कामं आहेत. नातवाला बसवा आणि करून घ्या.

पहिलं, बंद पडद्यावर मेसेजचा मजकूर दिसू देऊ नका. नाहीतर फोन न उघडताही चोराला ओटीपी वाचता येतो.

दुसरं, सिमला पिन लावा. फोनला कुलूप असलं तरी सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं की ओटीपी तिकडे यायला लागतात, आणि हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. सिमला पिन असेल तर फोन बदलल्यावर तो मागितला जातो. मात्र कंपनीचा मूळ पिन माहीत नसताना अंदाजाने टाकू नका, तीन वेळा चुकला तर सिम अडकतं. कंपनीच्या दुकानातच बसून हे करा. ई-सिम असेल तर ते काढताच येत नाही, त्यामुळे तिथे ही चिंता कमी.

तिसरं, फोन शोधायची सोय चालू आहे ना ते बघा, आणि ती दुसऱ्या फोनवरून वापरून बघा. आयफोनमध्ये 'स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन' नावाची सेटिंग २०२४ पासून आहे, ती चालू करा. कोणी मागून डोकावून तुमचा पासकोड बघितला तरी अनोळखी जागी तेवढ्यावर त्याला ॲपल खात्याचा पासवर्ड बदलता येत नाही.

चौथं, व्हॉट्सॲपला सहा आकडी पिन लावा. हा नसेल तर चोर तुमच्या सिमवरून तुमच्याच नावाने व्हॉट्सॲप चालू करतो आणि सगळ्या नातेवाइकांना "अडचणीत आहे, पैसे पाठवा" असे मेसेज जातात. आणि तुम्ही खरंच परदेशात असल्यामुळे लोक विश्वास ठेवतात!

पाचवं, गुगल खात्याचे बॅकअप कोड काढून ठेवा. आठ-आठ आकड्यांचे दहा कोड मिळतात. सिम नसतानाही दुसऱ्याच्या फोनवरून आपल्या मेलमध्ये शिरायचा तो एक खात्रीचा रस्ता आहे.

कागद आणि घरचा माणूस

एक साधा कागद घ्या आणि त्यावर हाताने लिहा. दोन माणसांचे फोन नंबर, देशाच्या कोडसकट. प्रत्येक बँकेचा कार्ड बंद करायचा नंबर, पण १८०० ने सुरू होणारा नव्हे. तो टोल-फ्री नंबर बाहेरून सहसा लागत नाही. बँकेच्या साइटवर किंवा कार्डाच्या मागे परदेशातून लावायचा, ९१ ने सुरू होणारा वेगळा नंबर असतो, तो लिहा. तुमचा कस्टमर आयडी. प्रत्येक कार्डाचे फक्त शेवटचे चार अंक. फोनचा आयएमईआय नंबर, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, जो *#०६# दाबल्यावर दिसतो. पासपोर्टचा नंबर, दिल्याची तारीख आणि ठिकाण. विमा पॉलिसीचा नंबर आणि त्यांचा चोवीस तासांचा फोन. ज्या देशांत जाणार तिथल्या भारतीय वकिलातीचा पत्ता आणि तातडीचा नंबर. गुगलचे दोन-तीन कोड, ते कशाचे आहेत हे न लिहिता. पिन आणि पासवर्ड या कागदावर येता कामा नयेत.

कागदाच्या तीन प्रती करा. एक पासपोर्टच्या खिशापेक्षा वेगळ्या चोरखिशात, एक मोठ्या बॅगेत, एक बडोद्यात. सोबत पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची आणि व्हिसाच्या पानाची झेरॉक्स, आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे चार फोटो. हे फोटो कुठे लागतात ते पुढे येईल.

बडोद्यातली प्रत ज्याच्याकडे असेल तो तुमचा घरचा माणूस. मुलगा असो, दीर असो, शेजारी असो, पण तो फोन उचलणारा हवा. रोममध्ये संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा उन्हाळ्यात आपल्याकडे साडेदहा झालेले असतात, हिवाळ्यात साडेअकरा. युरोपातल्या बऱ्याच चोऱ्या संध्याकाळच्या गर्दीत होतात, म्हणजे फोन येणार तो माणूस झोपायला आल्यावर, तोही अनोळखी परदेशी नंबरावरून. अशा नंबराचा फोन आपण एरवी कापतो. म्हणून त्याला आधीच सांगून ठेवा की या तारखांत फोन सायलेंटवर टाकू नकोस आणि कोणताही नंबर उचल.

त्याने करायची कामंही ठरवून ठेवा. १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर तो इथून लावू शकतो. मोबाइल कंपनीला फोन करून सिम बंद करण्याचं काम तो सुरू करू शकतो. बँक मात्र खातेदाराचीच खात्री करून घेते, जन्मतारीख, कस्टमर आयडी, शेवटचा व्यवहार विचारते. तिथे त्याने बँकेला फोन लावून कॉन्फरन्सवर तुम्हाला जोडून घ्यायचं. आपला पासवर्ड त्याला देऊन टाकायची गरज नाही आणि देऊही नये.

तिथे हात कुठे पडतो

मंगळबाजारात दिवाळीच्या आधी आपण पर्स पुढे घेतो, हात तिच्यावर ठेवतो, आणि बांगड्यांचा भाव करतानाही एक डोळा तिच्यावर असतो. तीच सवय तिकडे न्यायची. पण चकचकीत स्टेशन, गोरीगोमटी माणसं, नीटनेटके कपडे बघून आपण गाफील होतो. चोर फाटक्या कपड्यांत असेल ही समजूत डोक्यातून काढून टाका. मेट्रोत तुमच्या शेजारी उभी असलेली, हातात शहराचा नकाशा घेतलेली वीस वर्षांची मुलगीही टोळीतली असू शकते.

मेट्रोच्या दारातला खेळ तर समजूनच घ्या. गाडी येते, तुम्ही चढता, तुमच्या पुढचा माणूस दारातच थबकतो, काहीतरी पडल्यासारखा वाकतो. मागची दोघं तुमच्यावर रेटतात. तुमचं सगळं लक्ष पुढच्यावर, "अरे चल ना" म्हणण्यावर. दारं बंद व्हायचा भोंगा वाजतो आणि ते तिघेही खाली उतरतात. गाडी सुटते. पर्सची चेन उघडी आहे हे तुम्हाला पुढच्या स्टेशनावर कळतं. यावर उपाय म्हणजे दारापाशी उभं राहायचं नाही, आत जायचं. कोणी अडवलं तर मागे सरून पुढची गाडी पकडायची. आणि पाठीवरची सॅक चढण्याआधीच पोटावर घ्यायची. रोममध्ये तेर्मिनी स्टेशनाहून व्हॅटिकनकडे जाणारी ६४ नंबरची बस या बाबतीत बदनाम आहे, प्रागमध्ये २२ नंबरची ट्राम, बार्सिलोनात ला रांब्ला हा रस्ता. तिथे जाऊ नका असं नव्हे, पण तिथे फोन खिशात ठेवून रस्ता तोंडाने विचारा.

लक्ष विचलित करायच्या युक्त्या ठरलेल्या आहेत. पॅरिसमध्ये पॅड पुढे करून मूकबधिरांसाठी सही मागतात. तुम्ही सही करता तेव्हा पॅडच्या खालून हात जातो. साक्रे कर या टेकडीवरच्या चर्चच्या पायऱ्यांशी आणि मिलानच्या कॅथेड्रलसमोर मनगटाला रंगीत दोरा बांधतात. आपल्याला तो राखीसारखा, देवाच्या गंड्यासारखा वाटतो, म्हणून आपण हात पुढे करतो. करू नका. अंगावर पक्ष्याची घाण किंवा सॉस पडला असं सांगून कोणी पुसायला आलं तर "नो" म्हणून चालू लागा आणि हॉटेलवर जाऊन पुसा. साध्या कपड्यातला कोणी "पोलीस, पाकीट दाखवा" म्हणाला तर पाकीट काढायचं नाही. "ठाण्यात चला, तिथे दाखवते" एवढं म्हणायचं.

लंडनमध्ये वेगळा प्रकार आहे. तिथे इलेक्ट्रिक सायकलवरून येऊन हातातला फोन हिसकावतात, आणि नकाशा बघत फुटपाथच्या कडेला उभा असलेला माणूस त्यांना हवाच असतो. भिंतीला पाठ लावून उभं राहा. व्हिएतनाममध्ये हो ची मिन्ह शहरात हेच मोटरसायकलवरून होतं, तिथे पर्स रस्त्याच्या उलट बाजूच्या खांद्यावर.

आणि हॉटेलची सकाळची नाश्त्याची खोली. जागा धरायला आपण खुर्चीवर पर्स ठेवतो आणि टोस्ट आणायला जातो, जणू लग्नाच्या पंगतीत रुमाल टाकला आहे. माझ्या नणंदेची पर्स बार्सिलोनात अशीच गेली. आतल्या दालनात, चांगल्या हॉटेलात, सकाळी साडेसातला. पाहुण्यासारखा सूटातला माणूस आला, कॉफी घेतली, पर्स घेतली आणि गेला. जागा धरायला स्वेटर ठेवा.

रेल्वेत मोठ्या बॅगा डब्याच्या टोकाच्या रॅकवर ठेवायला लागतात. गाडी स्टेशनात थांबली की एकाने उठून बॅगांपाशी उभं राहायचं, दारं बंद होईपर्यंत. विमान कंपनीचे टॅग काढून टाका, त्यावर तुमचं नाव असतं.

गेलंच तर

आधी मागे पळू नका. फोन कुठे आहे ते नकाशावर दिसलं तरी त्या पत्त्यावर एकट्याने जायचं नाही.

मग पुढचा अर्धा तास या क्रमाने वापरा. जोडीदाराच्या फोनवरून, नाहीतर जवळच्या हॉटेलच्या काउंटरवरून कार्डं बंद करा. हॉटेल तुमचं नसलं तरी काउंटरवरची माणसं सहसा मदत करतात, कागद दाखवा आणि नंबर लावायला सांगा. बँकेकडून तक्रार क्रमांक घ्या आणि वेळ लिहून ठेवा, त्यांची आणि तुमची, दोन्ही. याचं महत्त्व बँकेच्या काउंटरच्या आत बसल्यावर कळतं. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात म्हटलं आहे की ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झालेलं नुकसान तक्रार करेपर्यंत ग्राहकाचं, पण तक्रार केल्यानंतर होणारं नुकसान बँकेचं. चूक ग्राहकाचीही नाही आणि बँकेचीही नाही अशा व्यवहारात, बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर काहीच बोजा नाही. चार ते सात दिवसांत कळवलं तर मर्यादित. कळवल्यावर दहा कामकाजाच्या दिवसांत ती रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायची आणि नव्वद दिवसांत निकाल लावायचा, हेही त्यात आहे. तुमच्या हातात तक्रारीची वेळ नसेल तर हे सगळं मांडायला आधारच राहत नाही.

कार्डानंतर घरच्या माणसाला फोन. सिम बंद, यूपीआय बंद. सिम बंद झालं की ओटीपीही बंद, त्यामुळे पुढचा प्रवास जोडीदाराच्या कार्डावर काढायचा हे मनाने पक्कं करा. एकटे असाल तर हॉटेलात ठेवलेलं राखीव फॉरेक्स कार्ड आता उपयोगी पडतं.

तिसरं, फोनला दुसऱ्या फोनवरून हरवल्याचं कुलूप लावा आणि पडद्यावर जोडीदाराचा नंबर येऊ द्या. फोन आपल्या खात्यातून काढून मात्र टाकू नका. खात्यात आहे तोवर चोराला तो स्वतःचा म्हणून चालू करणं अवघड जातं.

आणि आसपासच्या कचऱ्याच्या पेट्या बघा, हे मी मनापासून सांगते. रोख घेऊन पाकीट आणि पासपोर्ट जवळच टाकून देणारे चोर पुष्कळ असतात. हॉटेलला, संग्रहालयाच्या हरवलं-सापडलं खिडकीलाही नाव देऊन ठेवा.

पोलीस

युरोपीय संघात ११२ हा तातडीचा नंबर आहे, पण पाकीट गेलं म्हणून तो लावायचा नसतो. जिवाला धोका असेल तर लावा. चोरीची तक्रार ठाण्यात जाऊन द्यायची. इटलीत पोलिसांच्या किंवा काराबिनिएरी या तिथल्या लष्करी पोलिसांच्या ठाण्यात, फ्रान्समध्ये 'कोमिसारिया' म्हणतात त्या पोलीस ठाण्यात. लंडनमध्ये ऑनलाइन तक्रार घेतात, आणि रेल्वेत किंवा ट्यूबमध्ये (तिथल्या मेट्रोत) काही झालं तर ६१०१६ वर मेसेज करता येतो. थायलंडमध्ये पर्यटक पोलिसांचा नंबर ११५५ आहे. जपानमध्ये जवळपास प्रत्येक वस्तीत छोटी पोलीस चौकी असते, आणि सापडलेल्या वस्तू लोक तिथे खरोखर आणून देतात.

ठाण्यात दोन-तीन तास जातील असं धरून पाणी आणि खाणं घेऊन जा. ते चोर शोधायला धावणार नाहीत, त्याबद्दल त्यांच्याशी वाद घालू नका. तुम्हाला हवा आहे तो शिक्क्याचा कागद. त्यात "हरवलं" नको, "चोरी झाली" असं हवं, कारण विम्यात दोन्हीला वेगळी वागणूक मिळते. पासपोर्ट नंबर, आयएमईआय, काय काय गेलं त्याची यादी आणि अंदाजे किंमत त्यात आली का ते सही करण्याआधी वाचा. भाषा कळत नसेल तर आकडे तरी जुळवा. विमा कंपन्या बहुधा चोवीस तासांत पोलिसांकडे गेल्याची अट घालतात. "टूर चुकेल" म्हणून हे काम पुढे ढकलणारेच नंतर दाव्यात अडकतात.

विम्याबद्दल एवढंच: शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एका व्हिसासाठी, जो ३०,००० युरोंचा विमा लागतो तो आजारपणाचा. चोरीचं संरक्षण त्यात आपोआप येत नाही. रोख रक्कम बहुतेक पॉलिसीत धरत नाहीत, आणि सोडून दिलेल्या सामानाची चोरीही नाही. खुर्चीवरची पर्स याच सदरात जाते.

पासपोर्ट गेला तर

पोलिसांचा कागद घेऊन भारतीय वकिलातीत किंवा वाणिज्य दूतावासात. शनिवार-रविवारी कार्यालय बंद असतं, पण तातडीचा नंबर चालू असतो, तो तुमच्या कागदावर आहे. तिथे दोन रस्ते आहेत. तिकडे बराच काळ राहायचं असेल, शिकायला किंवा नोकरीला असाल, तर नवा पासपोर्ट मागायचा. त्याला पडताळणी लागते आणि वेळ जातो. फिरायला गेला असाल तर इमर्जन्सी सर्टिफिकेट, म्हणजे फक्त भारतात परत येण्यापुरता एकदाचा कागद. पासपोर्टची झेरॉक्स, फोटो, पोलिसांचा कागद, परतीचं तिकीट आणि कसा हरवला याचा लेखी जबाब घेऊन गेलात तर काम भराभर होतं. झेरॉक्स नसेल तर तुम्ही भारतीय आहात हे आधी त्यांना तपासावं लागतं, आणि दिवस तिथे जातात. काम अडलं तर परराष्ट्र मंत्रालयाचं 'मदद' पोर्टल २०१५ पासून चालू आहे. घरचा माणूस बडोद्यातून त्यावर तक्रार नोंदवू शकतो.

या कागदावर टूर पुढे चालू ठेवता येत नाही हे समजून घ्या. स्वित्झर्लंड राहिलं तर राहिलं. परतीचं विमान शक्यतो थेट भारतात येणारं घ्या. मध्ये बदलायचं असेल तर त्या देशात हा कागद चालतो का हे विमान कंपनीला तिकीट काढण्याआधी विचारा.

आणि पासपोर्ट चोरीला गेल्याची नोंद झाल्यावर तो सापडला, तरी तो वापरायचा नाही. नोंद होताच तो रद्द होतो आणि इंटरपोलच्या यादीत जाऊ शकतो. त्यावर प्रवास करायला गेलात तर सीमेवर तुम्हालाच अडवतील.

अमेरिकेत शिकणाऱ्या मुलांसाठी: पासपोर्टबरोबर व्हिसा गेला तरी तिथलं तुमचं राहणं बेकायदा होत नाही, पण नवा व्हिसा अमेरिकेत राहून मिळत नाही, पुढच्या वेळी बाहेर पडल्यावर घ्यावा लागतो. कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला त्याच दिवशी कळवा.

परत आल्यावर

इमर्जन्सी सर्टिफिकेट विमानतळावर ठेवून घेतात, तेव्हा विमानात बसण्याआधीच त्याची झेरॉक्स काढा. नव्या पासपोर्टचा अर्ज बडोद्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रातच होतो, ते अहमदाबादच्या प्रादेशिक कार्यालयाच्या अखत्यारीत येतं. परदेशी पोलिसांचा मूळ कागद आणि हरवल्याचं प्रतिज्ञापत्र लागेल, पोलीस पडताळणी पुन्हा होईल. मूळ कागद विमा कंपनीला देऊन बसू नका. त्यांना प्रत द्या, मूळ दाखवा. त्या पासपोर्टवर अमेरिकेचा किंवा दुसरा चालू व्हिसा असेल तर त्या त्या दूतावासाला कळवा.

सिम नवीन घेतल्यावर पहिले चोवीस तास त्यावर मेसेज येत नाहीत, हा दूरसंचार खात्याचाच नियम आहे. त्या दिवशी बँकेत जाऊन ओटीपी येत नाही म्हणून चिडू नका, दुसऱ्या दिवशी जा.

शेवटी एक धोका उरतो आणि तो काही आठवड्यांनी येतो. फोनच्या पडद्यावर तुम्ही जो नंबर ठेवला होता त्यावर मेसेज येतो: तुमचा फोन सापडला आहे, कुठे आहे ते बघायला इथे दाबा. लिंक हुबेहूब कंपनीच्या साइटसारखी दिसते आणि पासवर्ड किंवा पासकोड मागते. तो मिळाला की चोर फोनचं कुलूप काढून तो विकतो. ज्याच्या फोनवर हा मेसेज येणार आहे त्या जोडीदाराला किंवा घरच्या माणसाला हे आजच सांगून ठेवा.